आपल्या हातानं घे, माय

अलका परब. हे नाव मी आधी लिहून ठेवते. पुढचं लिहिताना मी मधेच उठून गेले, तर निदान नाव तरी कागदावर राहील. अलकाताई तेव्हा घाटकोपरच्या एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर होत्या. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, पंजाबी ड्रेसवर दुकानाचा लाल टी-शर्ट, आणि आवाज असा की तीन रांगा पलीकडच्या गिऱ्हाइकानं वळून बघावं. आमचं काही नातं नव्हतं. त्या मालवणकडच्या, आम्ही पार यवतमाळच्या टोकाच्या. त्यांनी मला त्याआधी पाहिलं असेल तर फक्त हातातल्या तेलाच्या पिशवीसकट, आणि तेही मान वर न करता. माझ्याच नात्यातल्या माणसानं फोनवर ‘माझं नाव घेऊ नका’ म्हटलं त्या दिवशी ह्या बाई आमच्यासाठी चालत आल्या. आता काय झालं ते सांगते.

आठवीनंतर माझी शाळा सुटली आणि मला घाटकोपरजवळ असल्फ्याच्या डोंगरावर आत्याकडे पाठवलं. का सुटली, कुणी सोडवली, ते इथं नको. आत्याची खोली डोंगराच्या निम्म्यावर होती. खाली रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते. जमिनीत काहीतरी ठोकणारं यंत्र दिवसभर धाड धाड करायचं आणि आमच्या मांडणीवरची ताटं किणकिणायची. पाणी आलं की सगळ्या गल्लीतल्या मोटारी एकदम घुरघुरायच्या आणि बायका एकमेकींवर ओरडायच्या, ‘ए, तुझा पाइप काढ ना, माझं अर्धं पिंप राहिलं.’ आम्ही घरी बसून कपड्यांचे धागे कापायचो. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे. शिवणीच्या टोकाला राहिलेले धागे छोट्या कातरीनं कापून, घड्या घालून परत द्यायचे. धाग्यांचा तो भुगा केसांत, डाळीत, अंथरुणात, सगळीकडे असायचा. आत्या चांगली होती. पण तिच्या घरी भात आणि पोळ्या. ज्वारीची भाकरी तव्यावर फुगतानाचा वास मला झोपेतसुद्धा यायचा, आणि जाग आली की तो खालच्या डोसेवाल्याच्या तव्याचा निघायचा.

मला तिथं सतत भीती वाटायची. कसली, ते सांगता आलं नसतं. कातरीनं शर्टाला भोक पडेल, जिन्यात कुणी अडवेल, आतोबांचा (म्हणजे आत्याच्या यजमानांचा) आवाज चढेल. अजून तशीच आहे मी. माझी मुलगी म्हणते, ‘आई, तू दाराची कडी तीनदा बघतेस.’ ती आता आठवीत आहे. हे लिहिलेलं तीच वाचून ऱ्हस्व-दीर्घ नीट करते आणि मधेमधे माझ्याकडे बघते.

मग माय आली. मी मुंबईला आल्यापासून पहिल्यांदाच ती मला बघायला आली होती. तिच्या गाठोड्यात ज्वारीचं पीठ, मुगवड्या, वाळवलेली अंबाडी आणि घरचं तिखट होतं. आल्या आल्या तिनं आत्याच्या खलबत्त्यात लसूण-मिरचीचा ठेचा केला. अख्खी गल्ली खोकायला लागली. समोरची गुजराती बाई दारात येऊन म्हणाली, ‘अरे, ये क्या बम फोडा?’ माय हसली आणि तिला भाकरीच्या तुकड्यावर ठेचा दिला. बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं दुसऱ्यांदा मागितला. ते दिवस माझे मुंबईतले सगळ्यात चांगले. रात्री मी मायच्या हातावर डोकं ठेवून झोपायचे. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती, बोंडांच्या काट्यांनी नखांच्या कडा फाटलेल्या. पण तो हात केसांतून फिरला की मला कसलीच भीती वाटायची नाही.

मला मायला ते दुकान दाखवायचं होतं. समुद्र, चौपाटी, मोठाले बंगले यांतलं काही नाही, ते दुकानच. त्याचं कारण आमच्या गावात आहे. गावातला दुकानदार ओट्यावर बसायचा आणि आम्ही खाली उभ्या. साखर, चहापत्ती, साबणाची वडी, जे काही असेल ते तो वरून टाकायचा आणि माय पदर पसरून झेलायची. ओट्याला हात लागला तर तो बोलायचा काही नाही, पण नंतर पोराला हाक मारून पाणी शिंपडायला लावायचा. मी लहान असताना त्या झेलण्याचा मला खेळ वाटायचा. पुढं तो खेळ नाही हे कळलं. म्हणून मुंबईत पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती सामानाला हात लावत फिरले होते. कुणी काही म्हटलं नव्हतं.

दारातच माय थबकली. गार हवा अंगावर आली, तिनं पदर डोक्यावर ओढला.

‘कोनाले मांगाचं इथं?’

‘कुणाला नाही. सगळं फळीवर ठेवलंय. आपणच घ्यायचं.’

‘कोनी रागवत नाई?’

‘नाही गं.’

‘आन शिवलं तं?’

‘शिव. वास घे. नको असेल तर परत ठेव, पाहिजे असेल तर घे. आपल्या हातानं घे, माय. शेवटी तिकडं पैसे द्यायचे, झालं.’

तिनं एका साबणाला बोट लावलं आणि आजूबाजूला पाहिलं. मग तो उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले. तिचा तो चेहरा मला आजही दिसतो. मी टोपली घेऊन तेल आणि डाळीच्या फळ्यांकडे गेले. ती म्हणाली, ‘जाय तू, मी पायतो.’ आमच्याकडच्या बायका ‘पाहते’ला असंच ‘पायतो’ म्हणतात.

आता वेचणीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापूस वेचताना बायका पदर पुढं घेऊन कमरेला असा खोचतात की पोटावर झोळी होते. तिला ओटी म्हणतात. दोन्ही हात मोकळे राहतात, दोन्ही हातांनी वेचत जायचं आणि ओटीत टाकत जायचं. तासाच्या शेवटी, म्हणजे ओळ संपली की, बांधावर जाऊन सगळी ओटी रिकामी करायची, समोर वजन व्हायचं. माय लहानपणापासून हेच करत आली. ‘आपल्या हातानं घे, शेवटी तिकडं द्यायचं,’ असं मी म्हटल्यावर तिच्या हातांनी जे ठाऊक होतं ते केलं. पदर खोचला. साबण ओटीत टाकला, कंगवा टाकला, शेवयांचा पुडा, आत्याच्या धाकटीसाठी बिस्किटं. लपवायचं असतं तर माणूस इकडं तिकडं बघत घेतो. ती शेतातल्यासारखी गाणं गुणगुणत घेत होती.

मी टोपली घेऊन आले तेव्हा ती बिलाच्या रांगेत पुढं पोचली होती, ओटी सांभाळत. तिनं कंगवा काउंटरवरच्या पट्ट्यावर ठेवला आणि साबण काउंटरवरच्या बाईंच्या हातात दिला. मशीन ‘टिक’ वाजलं. तेवढ्यात दुकानाच्या राखणदारानं मागून येऊन तिचा दंड धरला आणि पदर ओढला. पुडा फुटून शेवया खाली पसरल्या. ‘सापडली रे, पदरवाली सापडली!’ तो ओरडला. त्या भागातल्या दुकानांतून पदराखाली माल घालून नेणाऱ्या बायकांची टोळी फिरते आहे असं त्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे. दोन पोलीस आधीपासूनच दारात चहा पीत उभे होते. मी ओरडत होते, ‘ती पैसे देत होती, माझी आई आहे ती,’ आणि त्याचा अर्थ एवढाच झाला की टोळीतली दुसरीही मिळाली. एकानं माझ्या कानाखाली मारली. मायला अंबाड्याला धरून गाडीपर्यंत नेलं. तिची एक चप्पल दुकानाच्या पायरीवर राहिली. उघड्या पायानं ती त्या तापलेल्या रस्त्यावर उड्या मारल्यासारखी चालत होती आणि बाहेर उभी असलेली माणसं हसत होती.

कोणती चौकी, ते मी लिहीत नाही. आत एक हवालदार होते आणि टेबलाशी एक महिला पोलीस. आम्हाला आणणाऱ्या त्या दोन पोलिसांनी आम्हाला भिंतीशी बसवलं. दुकानाचा राखणदार मोबाईलचा कॅमेरा धरून उभा राहिला. त्यांची ती रीत होती: पकडलेल्या माणसानं नाव-गाव सांगून कॅमेऱ्यासमोर चोरी कबूल करायची, मग ते चित्रण आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत दाखवायचं.

‘नाव सांग, गाव सांग, आणि बोल मी चोरी केली,’ हवालदार म्हणाले. ‘मग जा घरी. सोपं आहे.’

‘मी चोरी नाई केली, साहेब.’

‘मग पदरात काय प्रसाद होता?’

‘पैसे देतच होती मी. पोरगी म्हने आपल्या हातानं घ्याचं.’

‘हां, हातानं,’ ते म्हणाले. ‘कोणत्या हातानं घेतलं? कर पुढं.’

मायनं उजवा हात पुढं केला. तिला वाटलं ते हात बघणार आहेत. त्यांनी चामड्याचा पट्टा उचलला. पहिल्या फटक्याला तिनं हात मागे घेतला नाही, तेवढी उसंतच मिळाली नाही. दुसऱ्याला घेतला, तर एकानं मनगट धरून टेबलावर दाबलं. किती मारलं ते मी मोजलं नाही, मी भिंतीकडे तोंड केलं होतं. पट्ट्यानंतर काठी आली तेव्हा आवाज बदलला. माय ओरडली नाही, तिच्या तोंडून ओझं उचलताना येतो तसा हुंकार आला. मी महिला पोलिसाचे पाय धरले. ती म्हणाली, ‘मला काय सांगतेस? तिला सांग ना बोलायला.’

मी मायला सांगितलं. ‘म्हण ना, माय. म्हणून टाक. इथं आपल्याला कोण ओळखतं?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. ‘गावचं नाव घेऊन म्हनू? तुह्या बापाचं नाव घेऊन म्हनू, का मी चोर हाव? आन हे मले चोर म्हनून दाखवतीन दुकानादुकानात, तं उद्या तुले कोन उभं करीन?’

मला फोन करू दिला. मी आतोबांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग आवाज खाली करून म्हणाले, ‘हे बघ, आपली खोली कच्ची आहे. पोलिसांच्या डोळ्यावर आलो तर उद्या पाडायला येतील. मी येणार नाही. माझं नाव घेऊ नका.’ मला त्यांचा राग येत नाही. ते खोटं बोलत नव्हते. पण फोन ठेवल्यावर मला कळलं की मुंबईत जेवढी माणसं मला माहीत होती तेवढी संपली. हवालदार चहा संपवत होते. म्हणाले, ‘डावा हात राहिलाय अजून.’

तेव्हा दारातून तो आवाज आला. ‘कुठंय ती? साबणवाली कुठंय?’

लाल टी-शर्ट, घामानं भिजलेला, एका हातात जेवणाची पिशवी आणि दुसऱ्या हातात मायची चप्पल.

‘तुम्ही कोण?’ हवालदारांनी विचारलं.

‘दुकानातली. बिलावर असते.’

‘मॅनेजरनं पाठवलं?’

‘मॅनेजरनं पाठवलं असतं तर रिक्षानं आले असते. चालत आलेय.’ त्यांनी चप्पल मायच्या पायाशी ठेवली. मग तिचा हात दिसला. ‘अगो बाय माझे,’ त्या अगदी हळू म्हणाल्या. आणि नंतर मोठ्यानं, ‘साहेब, ही बाई माझ्या रांगेत होती. कंगवा पट्ट्यावर ठेवला, साबण माझ्या हातात दिला, मी मशीनला लावला. चोर काय काउंटरवर माल आणून देतो? तुमच्या एवढ्या वर्षांत असा चोर आला का कधी?’

‘पदरात माल होता.’

‘होता. मग? टोपली नाही घेतली. पहिल्यांदा आलीय. मी पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर चढले तेव्हा चपला हातात घेऊन चढले होते. मला पण घ्या आत.’

महिला पोलीस फस्सकन हसली आणि लगेच तिनं तोंड वळवलं. हवालदारांना ते आवडलं नाही. ‘मॅडम, तुमचा मॅनेजर वेगळं सांगतोय.’

‘तो वर केबिनमध्ये होता. मी समोर होते.’

तेवढ्यात अलकाताईंचा फोन वाजला. ‘हा बघा, त्याचाच.’ त्या ऐकत राहिल्या. ‘हो. चौकीतच आहे... नाही, आता नाही येत... बरं. नका ठेवू मग कामावर.’ फोन बंद करून त्यांनी गळ्यातलं दुकानाचं ओळखपत्र काढलं आणि पिशवीत टाकलं. इतकं साधेपणानं, की काय झालं ते मला कळायला वेळ लागला.

‘कशाला लफड्यात पडता?’ हवालदार आता जरा नरमाईनं म्हणाले. ‘घरी कमावतं कोण?’

‘मीच.’

‘मग?’

‘मग काय? पोटासाठी करते मी नोकरी, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं नाही म्हणू का? हे बघा, मी इथं बसते. हिला सोडाल तेव्हा उठेन. नाही सोडलंत तर तुमच्या वरच्या साहेबांकडे जाईन, त्यांच्या वरच्यांकडे जाईन. रांगेत काय बघितलं तेही सांगेन आणि इथं हा हात बघितला तेही.’

आणि त्या खरंच बसल्या. मायच्या शेजारी बाकावर. डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्या वासानं चौकी भरून गेली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून, चटणी लावून, मायच्या तोंडाशी धरला. ‘खा गो. उजवा दुखतोय ना, मग मी भरवते.’ मायनं आयुष्यात जवळा खाल्ला नव्हता. तिनं तो चावला, आणि मारताना आलं नव्हतं ते रडू तिला आता आलं.

हवालदार आतल्या खोलीत गेले, कुणाशी तरी फोनवर बोलले. बाहेर ऊन उतरायला लागलं. शेवटी ते दारात येऊन म्हणाले, ‘घेऊन जा. आणि या भागात परत दिसू नका.’ चूक झाली असं कुणी म्हटलं नाही. राखणदारानं जाताना मोबाईल खिशात घातला, एवढंच.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. माय म्हणाली, ‘पडली.’ अलकाताई उसळल्या, ‘पडली कसली? मारलंय, डॉक्टर.’ तर मायनं डाव्या हातानं त्यांचा हात धरला. ‘बाई, तुमी देवमानूस. पन माह्या पोरीले इथंच राहाचं हाय.’ अलकाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मायचा उजवा हात अलगद डॉक्टरांपुढे केला. माझ्यासाठी तो मार कुठंच लिहिला गेला नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

मायची दोन बोटं वाकडीच जुळली. त्या हंगामात तिनं डाव्या हातानं वेचलं. उजवा नुसता ओटी धरायला. पहिल्या वेचणीतला मूठ मूठ कापूस तिनं बाजूला ठेवला, सरकी हातानं काढली, आणि वर्षाच्या शेवटी एक उशी भरून माझ्याकडे पाठवली. निरोप असा: ‘त्या बाईले दे. दिसभर मान वाकवून राह्यते, तिले बरं वाटन.’ मी उशी घेऊन दुकानाबाहेर गेले. आत जायची हिंमत नव्हती, एका मुलीला विचारायला लावलं. तिनं येऊन सांगितलं, अलका परब आता इथं नाही, त्या दिवसापासूनच नाही. दुकानातल्या एकीनं त्यांच्या चाळीचा पत्ता दिला. तिथं इमारत पाडून पत्रे लावले होते. कुणी म्हणालं मालाडला गेली, कुणी म्हणालं बोरिवलीला बहिणीकडे. मी दोन्हीकडे गेले आहे, पुन्हा पुन्हा.

आज माझं स्वतःचं घर आहे, शिवणाची दोन मशिनं आहेत. माय गेली. तरीही अशा दुकानात शिरले की मी दोन्ही हात दिसतील असे ठेवते, टोपली छातीशी धरते, बिल घरी पोचेपर्यंत मुठीतून सोडत नाही. आणि सामान बघायच्या आधी काउंटरवरच्या बायकांचे चेहरे बघते. आता अलकाताईंचे केस पिकले असतील, चष्मा बदलला असेल. आवाज मात्र मी तीन रांगा पलीकडून ओळखेन.

अलकाताई, उशीला मी दर उन्हाळ्यात गच्चीवर ऊन दाखवते. कापूस अजून दबलेला नाही. अभ्रा दोनदा नवा शिवला. तुम्ही जिथं असाल तिथं ती घेऊन मी येणार आहे, कुणाबरोबर पाठवणार नाही. माझ्या हातानं देईन.